खिडकी लावून रांधलेलं

अहो, आज मी बाजूला बसले आहे.

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. मागच्या दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, त्याच आपल्या गोणपाटावर. तेरवी झाली, पाव्हणे गेले, मांडवाचे बांबू तेवढे अजून अंगणात आडवे पडले आहेत. आत आपली पोर विमल भांडीकुंडी आवरते आहे. मला कशाला शिवायचं नाही, काही करायचं नाही. हात रिकामे असले की माझं तोंड सुरू होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मघाशी सवयीनं विचारूनही बसले, "मंग, आज काय झालं जी क्रेनवर?" आत भांडं पडलं. विमल बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मी अंगणातल्या बांबूंकडे बघत राहिले. तेव्हापासून तोंड मिटलं आणि कागद घेतला. कागदाला विटाळ होत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.

लिहायला लाज वाटते. बाईचं बाजूला बसणं ही काय लिहायची गोष्ट आहे? बापानं सातवीपर्यंत शिकवलं ते पोथी वाचता यावी म्हणून. पण आपलं जे काही बोलणं झालं ते याच दिवसांत झालं, या उंबऱ्यावरून झालं. ते सोडून तुमच्याविषयी लिहायचं म्हटलं तर तुम्ही कुठं जन्मलात, कोणत्या साली भिलाईला आलात, असलंच काहीतरी उरेल. ते सगळं तुमच्या थोरल्या भावानं तेरवीला सांगून झालं आहे. माझी आजची लाज तिथूनच सुरू होते.

जेवणं झाल्यावर गडीमाणसं मांडवात सुपारी कातरत बसली होती. मी दाराआड, पदर नाकापर्यंत ओढून. भासऱ्यांपुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बोलायचं नाही, त्यांची सावली दिसली की आत सरकायचं, हे आईनं लग्नाआधीच पाठ करून घेतलेलं. भासरे घसा खाकरून म्हणाले, "आमचा धाकला म्हणजे गडी होता गडी! येवढा कारखाना उभा केला, पण घरात पाण्याचा गिलास हातानं घेतला नाही. चूल कोणत्या दिशेले हाय हे मालूम नव्हतं त्याले. विचारा आमच्या सुनबाईले!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "हाव जी."

इतक्या वर्षांत भासऱ्यांशी मी एक अक्षर बोलले नव्हते. पहिल्यांदा बोलले ते हे, आणि तेही खोटं.

माझ्या शेजारी सुलोचना उभी होती, हातात पानाचं ताट. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या आणि आपल्या स्वयंपाकघरात एक वीट जाडीची भिंत आहे, तिला काय सांगायचं? विमलनं वरणाची बादली खाली ठेवली आणि आत निघून गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी हो-नाहीपुरतंच बोलली.

भासऱ्यांना तरी काय म्हणू? गावच्या देवाच्या जेवणाला रोडगे करायचे ते पुरुषांनीच. शेतात, आंब्याखाली, गोवऱ्यांच्या आरात. भासरे स्वतः उघड्या अंगानं परातभर कणीक तिंबायचे, आणि तुमचे रोडगे तर पंचक्रोशीत नावाजलेले. म्हातारेकोतारे बोटं चाटत म्हणायचे, पोराच्या हाताले चव हाय. तेव्हा कोणाची मर्दानगी पातळ झाली नाही. तीच कणीक, तीच परात, तेच हात उंबरा ओलांडून आत आले की मात्र खिडकी लावावी लागते. हे गणित मी घातलं नाही. पण सोडवलं मात्र तंतोतंत, क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पहिला नंबर येईल असं.

आपली पहिली वेळ आठवते का? तुम्ही आधी टिनाच्या शेडमध्ये राहत होतात, सगळ्यांनी मिळून एक आचारी ठेवला होता. मग क्वार्टर मिळालं आणि तुम्ही मला नि विमलला तुमसरकडून पॅसेंजरनं घेऊन आलात. सगळीकडे लाल माती, खणलेल्या नाल्या, अर्धवट उभ्या भिंती. मी दुर्गच्या स्टेशनावर विचारलं, "गाव कुठं हाय?" तुम्ही म्हणालात, "होऊन राहिलं."

गावी असताना मी बाजूला बसले तर घराला पत्ताही लागत नसे. सासूबाई होत्या, जावा होत्या, चूल कोणीतरी सांभाळायचंच. नवऱ्याला सांगावं लागत नसे. बाई दिसली नाही की गडी समजून जायचा. इथं आपण तिघंच. तुम्ही ड्यूटीवरून आलात तर मी मागच्या दाराबाहेर, शेगडी थंड, आणि पाच वर्षांची विमल भुकेनं किरकिर करत मधे उभी. नवऱ्याला हे सांगायचे शब्द मला कोणी शिकवलेच नव्हते.

"विमल, बाबूजीले सांग, माय दूर हाय."

तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर उभे. "विमल, मायले विचार, मंग जेवाचं कसं?"

"विमल, बाबूजीले सांग, मले का मालूम."

पोर बिचारी इकडून तिकडे मान फिरवत होती. शेवटी तिनं भोकाड पसरलं, "तुमी दोघं बोला न! मले भूक लागली!"

तुम्ही टोपी खुंटीला लावली, बाह्या दुमडल्या, परात घेतली आणि लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, मधे कोणाला न घेता, मला विचारलंत, "अवं, तूच सांग. पिठात पाणी किती टाकाचं?"

दुसऱ्या एखाद्या बाईनं पाण्याचं माप सांगितलं असतं. मी म्हटलं, "पहिले खिडकी लावा जी. लोकं काय म्हणतीन?"

तर खिडकी लागली. लाइनीतल्या सगळ्या बायका शेगडी अंगणात पेटवत, धूर गेला की आत नेत. तुम्हाला अंगणात शेगडी फुंकताना कोणी पाहू नये म्हणून ती आतच पेटायची, खिडकी बंद करून. तुम्ही बाहेर यायचात ते डोळे लालभडक. तुमच्या गँगमधले दशरथभाऊ दारावरून सायकलनं जाताना विचारायचे, "काय बे, रडला का?" तुम्ही म्हणायचात, "कोयल्याची कस गेली डोळ्यात." कारखान्यात दिवसभर कोळशातच असलेल्या माणसाच्या डोळ्यात कण जायचा तो घरी आल्यावर. नळ लाइनीच्या टोकाला. तिथं बादल्या भरताना कोणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, "सायकल धुवाची हाय." त्या तीन दिवसांत तुमची सायकल इतकी धुतली जायची की अख्ख्या भिलाईत तेवढी चकचकीत सायकल रशियन साहेबाचीही नसेल.

आणि कोणाला कळत नव्हतं असं मी समजत होते, ही त्यातली खरी गंमत. शेजारच्या कोहका गावाहून भाजीची टोपली घेऊन येणारी बिसाहिन खिडकीखाली उभी राहून तिच्या छत्तीसगढीत मोठ्यांदा विचारायची, "आज फेर खिड़की बंद हे वो? तोर घरवाला रांधत हे का?" मी इकडून ओरडायचे, "नहीं नहीं, धूल आती है!" ती हसत हसत पुढच्या दारी जायची. मग माझ्या लक्षात आलं की महिन्यातून तीन दिवस लाइनीत कुणाकुणाच्या खिडक्या लागतात. सगळे गावाहून आलेले, सगळ्यांच्या घरी बाई एकच. कुठल्या घरात कोण बाजूला बसलं आहे ते खिडकीवरून कळायचं, आणि कुठला गडी आत खोकतो आहे तेही. तरी कोणी कोणाला विचारत नसे. सगळ्या लाइनीनं मिळून एक गोष्ट झाकून धरली होती, आणि झाकणाला प्रत्येकाचा हात होता.

सुलोचनाची खिडकी तेवढी कायम उघडी. तिचा नवरा कारखान्याच्या रेल्वेत. गावी असतो तर तिचं घर आणि आपलं घर एका भिंतीला लागलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. इथं भिंत सरकारी होती. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच हे बाजूला बसणं सोडलेलं. मला म्हणायची, "कायले बसतं जी तिथं थंडीत? आमी टाकून देलं ते सारं. माणूस त्यानं बाटत नाही." मी म्हणायचे, "आमच्यात चालत नाही." ती भिंतीपलीकडे, आणि मी इकडे तुम्हाला "पाणी कमी! हात हलका!" करून शिकवणार. बाई गड्याला पोळी शिकवते आहे हे तिनं ऐकावं? मी ओरडले की ती पलीकडून मुद्दाम खोकायची. मी आवाज खाली आणला तर शेगडीच्या धुरात तुम्हाला ऐकू येईना. मग तुम्हीच तोड काढलीत.

तुम्ही वर क्रेनच्या केबिनमध्ये, दशरथभाऊ खाली जमिनीवर. मधे एवढा आवाज की कानात ओरडलं तरी कळायचं नाही. सगळं काम हाताच्या इशाऱ्यांवर. तुम्हाला शिकवणाऱ्या रशियन साहेबाला आपली भाषा येत नव्हती, तुम्हाला त्याची. दोघांचं हातांवरच भागलं. ते इशारे तुम्ही मला शिकवलेत. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. एका हाताच्या तळव्याखाली दुसरा हात ठेवला की हळू. आणि मूठ मिटली की थांब.

"बाकीचे इशारे एकाच माणसाचे आयकाचे," तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणालात, "खाली जो आपला माणूस ठरला असन त्याचे. पण थांब कोणी दाखवलं, झाडूवाल्यानं दाखवलं, तरी थांबाचं. आन मंग चालू कराचं ते आपल्याच माणसाच्या इशाऱ्यानं."

"आन इथं तुमचा माणूस कोण जी?"

"कोण म्हंजे? तू."

मग काय विचारता! मी उंबऱ्याबाहेर गोणपाटावर राणीसारखी बसायची आणि बोट फिरवायची. पाणी उचल. हळू. अजून हळू. थांब! तुम्ही पिठाच्या गोळ्यावर असे वाकलेले असायचात, जसा काही खाली लाल लोखंडाचा घडा लटकला आहे. पोळी यायची भारताच्या नकाशासारखी, कधी सिलोनसकट. मी खी खी हसायची, तोंडावर पदर दाबून. लग्न झाल्यापासून तुमच्यासमोर हसायची ती पहिलीच वेळ. गावी तुमच्या घरात हसायला जागा नव्हती. मागे गोठा होता, पण तिथं नणंद असायची.

आणि हात कामात असले की तुमचं तोंड मोकळं व्हायचं. इतर दिवशी तुम्ही "मीठ", "साबण", "येतो". पण या तीन दिवसांत तुम्ही वांगं चिरता चिरता, वर न बघता, अशा गोष्टी सांगायचात की मी बोट फिरवायचं विसरायची. एकदा म्हणालात, "मले उंचीचं भेव लागते. रोज. शिडी चढताना मी पायाकडे पाहत नाही, आपल्या नखाकडे पाहतो." लाइनीत तुमच्या उंच चढण्याच्या गोष्टी मीच तिखटमीठ लावून सांगायची. तुम्ही त्यातला सगळा जोर काढून मला खरी गोष्ट दिलीत आणि वांग्याला फोडणी घातलीत. आणखी एकदा, कणीक भिजवताना, तुम्ही आपल्या पहिल्या मुलाचं बोललात. विमलच्या आधीच्या. तो गेला तेव्हा गावात तुम्ही गड्यांत बसलेले, मी बायकांत. कोणी तुम्हाला रडू दिलं नाही, कोणी मला तुमच्याजवळ येऊ दिलं नाही. "त्याचे कान तुह्यासारखे होते," तुम्ही म्हणालात. तुम्हाला त्याचे कान आठवत होते, हे मला तेव्हा कळलं. मी शिवू शकत नव्हते. तुम्ही तिथं परातीवर, मी इथं. पण इतकी जवळ मी तुमच्या कधीच नव्हते.

सुलोचना दर वेळी सांगायची, सोडून दे हे बसणं. मी धर्माचं नाव पुढे करायचे. धर्माचं मला काय पडलं होतं? मला हे तीन दिवस पाहिजे होते. महिनाभर मी त्यांची वाट पाहत होते.

एवढं असताना मी बाहेर काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी आज लिहून टाकते. हिवाळ्यात बाजांवर बसून बायका आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी करायच्या. गाऱ्हाणी कसली, तोरेच ते. एकीचा नवरा भाजी गार असली की उठून जातो, दुसरीचा चहाला उशीर झाला की कप आपटतो. माझ्याजवळ सांगायला काय होतं? माझा नवरा पोळी गोल आली की टाळी मागतो? मी म्हटलं, "आमचे तर ताटच फेकतात जी. मीठ कमी पडलं की भिंतीवर!" बायकांचे डोळे मोठे झाले. मला अशी काही धन्यता वाटली म्हणता! मग दर हिवाळ्यात ते ताट थोडं आणखी लांब जाऊन पडू लागलं. शेवटी ते अंगणात पोचलं होतं.

दशरथभाऊंच्या घरून ते कारखान्यात गेलं. तुम्ही संध्याकाळी आलात, उंबऱ्याशी टेकलात आणि म्हणालात, "अवं, दशरथ विचारून राहिला, काय बे, ताट फेकते म्हणे तू? मी कोणतं ताट फेकलं?"

मला वाटलं आता भूमी दुभंगावी. पण तुम्ही हसायला लागलात. "कुठं पडलं ते तरी सांग, उचलून आणतो." मीही हसले. मग तुम्ही थांबलात आणि अगदी हळू विचारलंत, "तुले तसा माणूस पायजे होता का?"

मी म्हटलं, "चला, पोळी करपून राहिली."

तव्यावर पोळी नव्हतीच. तुम्ही पाहिलंही होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी देते म्हणता म्हणता राहूनच गेलं.

मग विमल बाराची झाली. पोळ्या लाटू लागली, माझ्याहून पातळ. मी लाइनीत सांगत फिरले, पोरगी हाताखाली आली. त्या महिन्यात मी बाजूला बसले. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात, पाय धुतलेत, खिडकी लावलीत, बाह्या दुमडल्यात, परात उचललीत. आणि मी तिथून, हसत हसत, मूठ दाखवली.

"आता विमल करते. बसा तुमी."

तुम्ही परात हातात धरून उभे राहिलात. "बरं. ती करू दे. मी नुसता बसतो इथं."

"पोरीपुढे बाप चुलीपाशी बसते का जी? शोभते का?"

तुम्ही परात जागच्या जागी ठेवलीत. बाह्या खाली केल्यात, बटणंसुद्धा लावलीत. समोरच्या खोलीत जाऊन दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसलात. तीन दिवस गेले, मी उठले, घर रीतीवर आलं. आता आपलं घर चारचौघांसारखं झालं याचा मला केवढा आनंद झाला होता!

त्यानंतर तुम्ही बोललात ते "मीठ", "साबण", "येतो". मला वाटलं, वयानं माणूस गंभीर होतो. एकच गोष्ट मला खटकायची. लाइनीतले सगळे गडी संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत. तुम्ही खुर्ची आत वळवून बसायचात, रस्त्याला पाठ करून. मी कितीदा भांडले. "लोकं पाहतात जी! कोणी म्हणन, बायकोवर पहारा ठेवते. रस्त्याकडं तोंड करा न!" तुम्ही म्हणायचात, "इथं बरं वाटते." मी खुर्ची वळवून ठेवायचे, तुम्ही आलात की परत फिरवायचात. ते भांडण अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं काय ते मी कधी पुरतं ऐकूनच घेतलं नाही.

तुम्हाला दवाखान्यात नेलं ते दशरथभाऊंनी, ड्यूटीवरूनच. मी पोचले तेव्हा खाटेभोवती सगळी गँग उभी. मी पायथ्याशी, पदर घेऊन. एवढ्या गड्यांपुढे काय बोलणार? तुमचे डोळे उघडे होते. लोक म्हणतात, शेवटी माणूस तोंडाकडे पाहतो. तुम्ही माझ्या हातांकडे पाहत होतात. सारखे हातांकडेच. मला वाटलं, बांगड्यांचं काही मनात आलं असेल. मी लाजून हात पदराखाली घेतले.

आठव्या दिवशी दशरथभाऊ आले. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "वहिनी, छाती दुखत होती त्याची. लय दिवसांपासून. मी म्हटलं, घरी सांग बे वहिनीले. तर म्हणे, सांगतो, पण बसून कुठं सांगू? पहिले जागा होती."

दशरथभाऊंना त्याचा अर्थ लागला नव्हता. त्यांना वाटलं, क्वार्टर लहान पडतं म्हणून म्हणाला असेल. त्यांनी मला विचारलं, "मोठ्या क्वार्टरचा अर्ज केला होता का?" मी म्हटलं, "हाव जी." माझं "हाव जी" असं सगळ्या कामाला येतं.

मी डॉक्टरला धुराचंही विचारलं, बंद खिडकीच्या. तो म्हणाला, त्याचा याच्याशी संबंध नाही, मनाला लावून घेऊ नका. शिकलेला माणूस, खरंच सांगत असेल. पण तो आपल्या स्वयंपाकघरात कधी बसला नव्हता.

इथवर लिहिलं आणि कागद खाली ठेवावा लागला. आता त्यानंतरचं सांगते.

मी इथंच बसले होते. विमल रांधायला आत आली आणि शेगडी पेटवायच्या आधी तिनं काय केलं? खिडकी लावली. दर महिन्याला लावते तशीच, पण मी आज पहिल्यांदा विचारलं, "कावून लावली वं?"

ती म्हणाली, "या दिवसांत लावाच लागते न? विटाळाचं असते न ते?"

मला आधी हसू आलं. माझ्या लाजेचं शास्त्र झालं होतं. उद्या ती सासरी जाईल, तिथं मन लावून खिडक्या लावेल, आपल्या पोरींना शिकवेल, आणि कशासाठी हे कोणालाच ठाऊक नसेल. मग हसू जागच्या जागी थिजलं. तेवढ्यात खिडकीखाली बिसाहिनचा आवाज. ती महिनाभर माहेरी होती, तुमचं तिला कळलेलं नव्हतं. नेहमीसारखीच हसत ओरडली, "आज फेर बंद हे वो? तोर घरवाला रांधत हे का?"

विमलचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "उघड ती खिडकी."

"माय..."

"उघड म्हटलं न."

खिडकी उघडली. मी इथूनच, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बिसाहिन, वो गुजर गये. पर हाँ, वोही पकाते थे. हर महिना. मेरे से अच्छा पकाते थे!" माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे, पण समजलं सगळ्यांना. नळावरची बादली वाजायची थांबली. बिसाहिन खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली, "हाय दई," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. भिंतीपलीकडून सुलोचना खोकली. तिचं ते जुनं खोकणं.

विमल परात घेऊन खाली बसली. मला पाठ न करता बसली, एवढं मी पाहिलं. ती पिठात पाणी घालू लागली आणि जरा जास्तच घालत होती. माझा हात आपसूक वर गेला आणि मूठ मिटली.

विमलचा तांब्या जागच्या जागी थांबला.

मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, "तुले कोणं सांगतलं हे?"

"बाबूजीनं. लहानपणीच." ती माझ्याकडेच बघत होती, तांब्या तसाच धरून. "मी विचारलं होतं त्याईले, मूठ दाखवली का क्रेनवाला घरी जाते का? तर म्हणे, नाही वं, तो कुठं जात नाही. खालच्या माणसाच्या हाताकडे पाहत बसते. इशारा येतवरी."

अहो.

माझी मूठ तशीच मिटलेली होती. विमलच म्हणाली, "माय, हात दुखून राहिला. टाकू का नको?"

समोरच्या खोलीत तुमची खुर्ची दिसत होती. तेरवीला कोणीतरी ती रस्त्याकडे तोंड करून ठेवली, चारचौघांसारखी, आणि ती तशीच होती. मी उठले. उंबरा ओलांडला, शेगडीच्या अंगावरून गेले. विमल ओरडली, "माय! शिवली न तू!"

"शिवू दे."

खुर्ची आत वळवली. परत येऊन बसले, पण गोणपाटावर नाही, उंबऱ्याच्या आत, परातीच्या समोर. विमलनं तांब्या धरलेलाच होता. मी बोट वर केलं आणि गोल फिरवलं. ती पाणी घालू लागली, हळूहळू, माझ्या हाताकडे बघत.

मी खुर्चीकडे बघत होते. नको होता जी मले तसा माणूस. ताट फेकणारा.